दिवा–सावंतवाडीचा तोटा कुणाच्या नावावर?

रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षांपासून एक ओळ छापून येऊ लागली. प्रवासाला येणाऱ्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे प्रवाशाकडून वसूल करते, असं ती सांगते. मध्यंतरी तिच्या जोडीला एक टोमणाही असायचा: तुमच्या भाड्यातला ४३ टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गणपतीला वेटिंगचं तिकीट घेऊन दारात अंग चोरून उभ्या राहिलेल्या चाकरमान्याला हे विचारायला धाडस लागतं. हा टोमणा कोकणात तर नीट लागूही पडत नाही. इथल्या तिकिटावरचे किलोमीटरच खरे नसतात. ते कसं, ते पुढे येईलच.

प्रवासी रेल्वे चालवायला पैसा लागतो, तो सगळा तिकिटातून येत नाही, आणि उरलेला कुणीतरी भरतो, हे जगभर खरं आहे. वाद असतो तो हा ‘कुणीतरी’ कोण आणि त्याने हे कबूल करून भरलंय का, यावर. कोकण रेल्वे या वादाचं चांगलं प्रकरण आहे. बांधायला पैसा कसा आला हे इथे स्पष्ट दिसतं, चालवायचा पैसा कसा वसूल झाला हेही दिसतं, आणि आता ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करायला चारही राज्यं राजी झाली आहेत. मी नमुन्याला एकच गाडी धरतो: दिवा–सावंतवाडी. सकाळी दिव्याहून निघते, दिवसभर बहुतेक स्थानकांवर थांबत कलत्या उन्हाला सावंतवाडीत पोचते. नावापुढे आता एक्स्प्रेस लागलं आहे, पण लोक तिला पॅसेंजरच म्हणतात.

पैसा उभा राहिला तो कर्जाने

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांपासून बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांच्यापर्यंत पिढ्या झटल्या. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. तरीही १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत आले आणि तिथेच अडकले. कारण साधं होतं. डोंगर फोडायचे, खाड्या ओलांडायच्या, आणि मालवाहतूक तर फारशी नाही. असा मार्ग रेल्वेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी चार पैसे पदरात पाडून घेत रांगत राहिला असता.

मग १९८९-९० मध्ये एक योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधु दंडवते आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे. तिघांचाही या किनारपट्टीशी संबंध. त्यांनी काढलेली वाट अशी: अर्थसंकल्पाची वाट न बघता स्वतंत्र कंपनी काढायची, केंद्र आणि चार राज्यांनी भागभांडवल घालायचं, उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून उचलायचा, मार्ग बांधायचा, चालवून कर्ज फेडायचं आणि मग तो रेल्वेच्या ताब्यात द्यायचा. जुलै १९९० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. ९१ बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला.

कामाचा वेग थक्क करणारा होता, यात शंका नाही. पण पैशाची रचना पाहिली की गाठ दिसते. देशातली बाकीची रेल्वे सरकारी भांडवलावर उभी आहे. कोकण रेल्वेला मात्र पहिल्या दिवसापासून व्याज भरायचं होतं. अपेक्षेइतकी मालवाहतूक आली नाही आणि मिळकतीतून व्याजही भागेना. अखेर रेल्वे मंत्रालयाने कर्ज दिलं, आणि त्यातल्या सुमारे चार हजार कोटींचं पुढे प्राधान्य भागांत (प्रेफरन्स शेअरमध्ये) रूपांतर करावं लागलं. म्हणजे सरकारी पैसा शेवटी आलाच, फक्त मागल्या दाराने आणि उशिरा.

तिकिटावरचे किलोमीटर

मधल्या काळात हा भार हलका करायला एक उपाय योजला गेला, तो अजून चालू आहे. कोकण रेल्वेच्या हद्दीतलं अंतर भाड्याच्या हिशेबात फुगवून धरतात: प्रवाशांसाठी ४० टक्के, मालासाठी ५० टक्के. रोहा ते रत्नागिरी प्रत्यक्षात दोनशे किलोमीटर भरतं, पण भाडं २८० किलोमीटरचं लागतं. सीएसएमटीहून मडगावचं तिकीट काढा, त्यावर ७६५ किलोमीटर दिसतील. रुळांवरून मोजलं तर हे अंतर सहाशेच्याही आत आहे.

मार्च २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की प्रवाशामागे दर किलोमीटरला रेल्वेला १ रुपया ३८ पैसे खर्च येतो आणि ७३ पैसे घेतले जातात. आता हे ७३ पैसे कोकणात नेऊ. अंतर ४० टक्के जास्त, म्हणून प्रत्यक्ष किलोमीटरला १ रुपया २ पैसे होतात. हा ढोबळ हिशेब आहे. सरासरीत मुंबईची लोकल आणि राजधानीचा एसी डबा एकत्र कालवलेले आहेत, आणि कोकणातला खर्चही देशाच्या सरासरीइतकाच असेल असं नाही. तरी दिशा कळायला पुरे. सरासरी खर्चाच्या ५३ टक्के नव्हे, ७४ टक्के भाडं इथला प्रवासी आधीच भरतो आहे. भुसावळला जाणारा भरत नाही, सोलापूरला जाणारा भरत नाही. कोकणाने आपल्या डोंगराचं भाडं आपणच भरायचं, असा हा नियम. याला टोल म्हटलं असतं तर आंदोलनं झाली असती. अंतरात मुरवला म्हणून पंचवीस वर्षांहून जास्त काळ बिनबोभाट चालला.

चालवायला खर्च कशाचा

बांधून झालं की सुटलो, असं रेल्वेत होत नाही. कोकणात तर मुळीच नाही.

पावसाळ्याचंच बघा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथे वेगळं वेळापत्रक असतं. गाड्यांचा वेग कमी करतात, आणि पाऊस इतका की पुढचं दिसेना, तर ताशी ४० किलोमीटरवर आणतात. जांभ्याची माती पाणी प्यायली की कटिंगच्या कडा सुटतात, वरचा धोंडा खाली येतो. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ झालेले अपघात अशाच धोंड्यांनी घडवले. तेव्हापासून डोंगरउतारांना जाळ्या, भिंती, उतार कमी करणं ही कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. आणि त्या सगळ्याच्या वर माणूस आहे. रात्रपाळीचा गस्तवाला हातबत्ती, वॉकीटॉकी, लाल झेंडा आणि पिशवीत फटाके घेऊन आपल्या टप्प्यात रुळांवरून चालत असतो. दरड दिसली की त्याने धावायचं असतं येणाऱ्या गाडीच्या दिशेने. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक ब्रेक मारतो. उपग्रह आणि सेन्सरच्या जमान्यात हे जुनाट वाटेल, पण मुसळधार पावसात, बोगद्याच्या तोंडाशी, अजून यावर भरवसा आहे. अशी शेकडो माणसं दर पावसाळ्यात उभी करावी लागतात. दिव्याची गाडी रिकामी धावली काय, भरून धावली काय, त्यांचा पगार तेवढाच.

वेळेचाही खर्च असतो. मुंबई–मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत पोचते, पावसाळ्यात दहा तास घेते. आणि आठवड्यातून सहा दिवसांऐवजी तीनच दिवस धावते. रेक तोच, कर्मचारी तेवढेच, तिकिटं मात्र निम्मी. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं, आणि त्याच आठवड्यात विन्हेरे–दिवाणखवटी दरम्यान दरड आली. मार्ग बंद झाला की नुसतं भाडं बुडत नाही. परतावे द्यावे लागतात, गाड्या लांबून वळवाव्या लागतात, अडकलेल्या प्रवाशांसाठी एसटी मागवावी लागते.

आणि मग एकेरी मार्ग. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे जवळजवळ सगळा मार्ग एकेरीच आहे. दिवा–सावंतवाडी आडवली किंवा विलवड्याला बाजूच्या रुळावर, म्हणजे सायडिंगला, जाऊन उभी राहते. लोक खाली उतरतात, कुणी बिडी पेटवतं, कुणी नळाशी बाटली भरून घेतं, एखादी म्हातारी खिडकीतून विचारते, “क्रॉसिंग रे, झिला?” समोरून मंगला एक्स्प्रेस येते, धूळ उडवत निघून जाते. मग मागून कुणीतरी लांब पल्ल्याची ओलांडून जाते. ही वीस मिनिटं फुकट दिसतात, पण चालक, ट्रेन मॅनेजर, डबे, वीज सगळ्यांचं मीटर चालूच असतं. कमी भाड्याची गाडी सगळ्यात जास्त थांबवतात, आणि थांबली म्हणून तिचा खर्च वाढतो. मग तोट्याच्या यादीत ती वर सरकते.

एका बाबतीत मात्र भांडवली पैशाने चालवण्याचा खर्च खरोखर उतरला. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. सुमारे १,२८७ कोटी लागले, आणि डिझेलवरची बचत वर्षाला दीडशे कोटींच्या घरात सांगितली गेली. व्याज बाजूला ठेवलं तर साडेआठ-नऊ वर्षांत पैसे वसूल. असं दुहेरीकरणाचं होत नाही. बोगदे पुन्हा खणायचे, पूल पुन्हा बांधायचे. तो पैसा तिकिटातून कधीच निघणार नाही.

तोटा म्हणजे नक्की कुठला?

इथे या प्रकरणातली मुख्य गोष्ट येते, आणि ती हिशेबाची आहे. दिवा–सावंतवाडी तोट्यात आहे असं कुणी म्हटलं की विचारायचं: कुठल्या खर्चाच्या तुलनेत?

एकूण खर्च सगळ्या गाड्यांवर वाटला, तर बोगद्यांची डागडुजी, गस्तवाले, सिग्नल, स्थानक अधीक्षक, बेलापूरचं मुख्यालय या सगळ्याचा तुकडा या गाडीच्या माथी येतो. पण उद्या गाडी बंद केली, तर यातलं काय वाचेल? करबुड्याचा बोगदा तसाच राहील. गस्तवाला तसाच चालेल. वाचेल ती वीज, चालक-ट्रेन मॅनेजरचे तास, डब्यांची झीज आणि देखभाल, आणि मोकळी झालेली वाट. याला टाळता येणारा खर्च म्हणू. तो एकूण वाट्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणूनच सरासरी ४३ टक्क्यांचा आकडा एखाद्या गाडीला चिकटवून ती बंद करावी की नाही हे ठरवणं चुकीचं आहे. सरासरी सगळ्या देशाची आहे. निर्णय एका गाडीचा आहे.

या चौघांत सगळ्यात अवघड आहे ती वाट. एकेरी मार्गावर एक संथ गाडी दोन जलद गाड्यांची जागा खाते, हे रेल्वेवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, आता दिव्याहून सुटते. त्यामागेही मुंबईच्या उपनगरी रुळांवर तिला जागा नाही, हे कारण होतं. पण जागेची ही किंमत कुणी रुपयांत मांडत नाही. मांडली तर प्रश्न उलटा विचारता येईल: मडगावच्या प्रवाशासाठी चिपळूण–संगमेश्वरच्या माणसाने किती वेळ सायडिंगला उभं राहायचं? कुडाळकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: “गाडी आमच्या दारातसून जाता, पन थांबता खंय?” ही रडगाणी समजून सोडून देऊ नयेत. राज्याचे पैसे आणि जमिनी ज्या मार्गात गेल्या, त्या मार्गाची क्षमता कुणाला वाटली जाते, हा रास्त सवाल आहे.

भरणारे कोण कोण आहेत

भारतात प्रवाशांची तूट प्रामुख्याने मालगाड्या भरतात. कोळसा, सिमेंट, लोखंड यांचं भाडं चढं ठेवून तिकीट स्वस्त ठेवलं जातं. अर्थसंकल्पातून रेल्वेला २०२५-२६ साठी २ लाख ५२ हजार कोटींची भांडवली तरतूद मिळाली. ती नवे मार्ग, डबे, इंजिनं यांसाठी. रोजची गाडी चालवायला मात्र कमाईतूनच भागवायचं असतं. २०२३-२४ मध्ये शंभर रुपये मिळवायला रेल्वेचे ९८ रुपये ४३ पैसे खर्च झाले. या ताणात २०२० च्या मार्चमध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली आणि परत आली नाही. ती सवलत रेल्वे आपल्या खिशातून देत होती. भरून देणारं कुणी नव्हतं.

आता एसटी बघा. ७५ वर्षांवरचे आजोबा कणकवलीला गाडीत चढतात, कंडक्टर यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. ते तिकीट आजोबांसाठी नसतं, मंत्रालयासाठी असतं. त्याच्या नोंदीवरून महामंडळ राज्य सरकारकडे सवलतीची रक्कम मागतं. मार्च २०२३ पासून महिलांचं अर्धं तिकीटही असंच. रक्कम वेळेवर येत नाही, पगार रखडतात, हे सगळं खरं. तरी देणं कुणाचं आहे ते कागदावर आहे. म्हणजे महाराष्ट्र सरकारला प्रवासी सेवा पैसे मोजून विकत घेता येते. रस्त्यावर ते हे रोज करतंच.

रुळांवर का नाही? ठरलेलं उत्तर असं की रेल्वे हा संघसूचीतला विषय, केंद्राचं काम. ठीक. पण केंद्रानेही एका ठिकाणी हे केलेलं आहे: सीमावर्ती सामरिक मार्गांच्या चालवण्यातली तूट सर्वसाधारण महसुलातून भरून देण्याची पद्धत जुनी आहे. तिथे देशाचं संरक्षण हा हेतू आहे, आणि तो मान्य आहे म्हणून पैसा सांगून दिला जातो. कोकणात दळणवळण हा हेतू होता. त्याचा पैसा किलोमीटर फुगवून घेतला गेला.

अमेरिकेचं उदाहरण इथे चपखल बसतं. तिथल्या अॅमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीबद्दल २००८ मध्ये कायदा झाला: ७५० मैलांपेक्षा कमी लांबीच्या मार्गांवरची गाडी हवी असेल, तर संबंधित राज्याने तिच्या चालवण्याचा खर्च ठरलेल्या सूत्राने द्यायचा. २०१३ पासून ते लागू झालं. काही राज्यांनी कुरकुर केली, काहींनी फेऱ्या वाढवून घेतल्या. पैसे देणारा पाहुणा राहिला नाही. वेळापत्रकात त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

विलीनीकरण आणि ३९६ कोटी

गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी आधीच होकार दिला होता. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही दिला. दोन अटी होत्या: ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावं, आणि राज्याने घातलेले सुमारे ३९६ कोटी परत मिळावेत. नावाची अट समजण्यासारखी आहे. पैशाचीही. पण गाड्यांबद्दल एकही अट का नसावी, हे मला कळत नाही.

विलीनीकरणाने दोन गोष्टी सुधारतील. दुहेरीकरणासाठी अर्थसंकल्पाचं दार उघडेल, आणि अंतर फुगवायला सबब उरणार नाही. आजवर कंपनी वेगळी म्हणून स्थानकांचा केंद्रीय निधीही सहज येत नव्हता. २०२३ नंतर रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा स्थानकांचे दर्शनी भाग आणि जोडरस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने सजवले. कमान झाली, दिवे लागले. राज्याचा पैसा स्थानकाच्या दारापर्यंत आला आणि फलाटाच्या अलीकडेच थांबला. सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, गाड्या तिथून सुटण्याची वाट लोक अजून बघताहेत.

तिसरी गोष्ट बिघडू शकते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. कंपनी आहे तोवर निदान एक स्वतंत्र ताळेबंद आहे. २०२२-२३ मध्ये तिने सुमारे २७९ कोटींचा नफा दाखवला. त्यात जम्मू-काश्मीरसारख्या बाहेरच्या प्रकल्पकामांचा हात मोठा होता, प्रवासी गाड्यांचा नव्हे, हे त्या ताळेबंदावरूनच कळतं. विलीन झाल्यावर कोकणाची मिळकत आणि खर्च मोठ्या खात्यात मिसळतील. मग फुगवलेलं अंतर जाईल, तिकीट उतरेल, तूट वाढेल, आणि ती तूट मालवाहतूक फारशी नसलेल्या मार्गावर भरायची कुणी, हे ठरवायची वेळ येईल तेव्हा संथ गाडीवर पहिली नजर पडेल. ‘प्रतिसाद कमी’ एवढंच कारण तेव्हा पुरे होईल.

म्हणून माझं म्हणणं असं. हे ३९६ कोटी परत आलेच, तर ते तिजोरीत मुरू देऊ नयेत. सात टक्क्यांनी धरले तर वर्षाला पावणेअठ्ठावीस कोटी व्याज होतं. त्या पैशातून दिवसा धावणाऱ्या, सगळीकडे थांबणाऱ्या दोन-तीन गाड्या राज्याने करार करून विकत घ्याव्यात: टाळता येणारा खर्च वजा तिकिटाची मिळकत, एवढंच देणं. बदल्यात वेळ, थांबे, डबे आणि सायडिंगला जास्तीत जास्त किती मिनिटं, हे करारात लिहून घ्यावं. उशीर झाला तर कपात. यावर पहिला आक्षेप येईल की केंद्राच्या विषयात राज्याने पैसे का घालायचे. राज्याने ते १९९० मध्येच घातले होते, आणि बदल्यात वेळापत्रकात काही मागितलं नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: एसटीचेच पैसे थकतात, तर रेल्वेचे कोण देणार? म्हणूनच दरवर्षीच्या तरतुदीवर न सोडता वेगळा निधी हवा, म्हणजे मार्चअखेरीस कात्री लावायला तो कुणाच्या हाती लागणार नाही.

या सगळ्यासाठी आधी रेल्वेकडून एक आकडा जाहीर व्हायला हवा: दिवा–सावंतवाडीचा टाळता येणारा खर्च, वर्षाचा, पावसाळा धरून. तो मागायला विलीनीकरणाच्या कागदांवर सह्या होण्यापूर्वीचा काळ सगळ्यात सोयीचा आहे. सध्या राज्य त्या कंपनीचं भागीदार आहे, आणि भागीदाराला हिशेब द्यावा लागतो.